खोटं सांगून नेऊ नका, पण न्या

(पत्र आलं त्याच दुपारी हे उत्तर आईला पाठवलं होतं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ते इथे देत आहोत. पत्रातले वजनाचे आकडे मी काढून टाकलेत. हे सदर मुलीही वाचतात, आणि ॲनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढेल या भीतीने स्वतःला उपाशी ठेवण्याच्या मानसिक आजारात, दुसरीच्या आकड्याशी चढाओढ लागते.)

*माझी लेक बारावी सायन्सला आहे, नीटची तयारी करते. जानेवारीत अठराची होईल. श्रावणात तिने सोमवार धरले, मग शेगावच्या महाराजांचा गुरुवार धरला, मग शनिवार. सासूबाईंना फार कौतुक. आता रोजच काही ना काही कारण असतं. एक संत्रं घेऊन बसते, एकेका फोडीची साल काढते, पाऊण तास तेच चालतं. घरात दोन-दोन स्वेटर घालून असते. मागच्या रविवारी तिने आम्हा सगळ्यांसाठी पुडाची वडी केली, आग्रह करकरून वाढली, स्वतः तुकडा तोंडात घातला नाही. पाच महिन्यांपासून पाळी नाही. काल क्लासच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, नाडी 42. ॲनोरेक्सिया आहे म्हणाले, लगेच भरती करा आणि मानसोपचारवाल्यांनाही दाखवा.*

*ती म्हणते, भरती केलंत तर जन्मात तुमच्याशी बोलणार नाही. तिचे बाबा म्हणतात, ती रोज फुटाळ्याला धावायला जायची, खेळाडूंची नाडी अशीच असते. दोन सलाईन लावू, बोर्ड होऊ दे, तोवर अठराची होईल, मग तिचं ती ठरवेल. माझा भाऊ म्हणतो, रामटेकला चाललो असं सांगून गाडीत बसवा आणि सरळ दवाखान्यात न्या. तिच्या मर्जीविरुद्ध असं करायचा आम्हाला हक्क आहे का? आणि असला तरी करावं का?*

*ता. क. शेजारीपाजारी विचारतील. काय सांगू?*

*— एक आई, नागपूर*

ताई,

भरती करा, आणि आजच करा. हक्क आहे का, करावं का, यावर खाली लिहिलंय. ते दवाखान्यात बसून वाचलंत तरी चालेल.

आधी नाडीचं, कारण घरातला वाद तिथेच अडून बसलाय. तिच्या बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. रोज सराव करणाऱ्या खेळाडूचं हृदय दणकट होतं, एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून बसल्या जागी त्याची नाडी मंद असते. तुमच्या लेकीची गोष्ट उलटी आहे. उपासमारीत शरीर स्वतःचे स्नायू खातं, त्यात हृदयही आलं, आणि उरलेली शक्ती पुरावी म्हणून ते ठोक्यांचा वेग उतरवतं. डॉक्टर आडवं झोपवून नाडी आणि रक्तदाब बघतात, मग उभं करून पुन्हा बघतात. खेळाडूची नाडी थोडी वाढते. अशा मुलीची एकदम उसळते, रक्तदाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. जिन्यात बहुधा हेच झालं असणार. किशोरवयीन मुलांची नाडी दिवसा जागेपणी 50 च्या खाली गेली, तर खाण्याच्या आजारात तेवढं एक कारणही भरतीला पुरेसं धरतात. इथे सोबत बंद पडलेली पाळी आहे, न जाणारी थंडी आहे, चक्कर आहे. आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. या आजारात ते फार उशिरापर्यंत नॉर्मल दिसतात. सगळ्या मानसिक आजारांत ज्यांत सर्वाधिक जीव जातात, त्यांत ॲनोरेक्सिया पहिल्या काहींत आहे. हे मी घाबरवायला लिहीत नाही. 'बोर्ड झाल्यावर बघू' याचं उत्तर म्हणून लिहितेय.

'दोन सलाईन लावू' याला तर माझा साफ विरोध आहे. अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली चढवायची, ही आपल्याकडची रीतच. नेमकी इथे ती जीवावर बेतू शकते. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या शरीरात एकदम साखर गेली की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं, आणि हृदयाचा ताल बिघडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी पोटभर खाल्ल्यावर दगावले, तेव्हा डॉक्टरांना याचा पहिला धडा मिळाला. म्हणून आधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व), मग मोजूनमापून अन्न, सुरुवातीचे दिवस रोज रक्ततपासणी आणि छातीला मॉनिटर. हे घरी होत नाही. सासूबाईंनी मायेने तुपाचा शिरा भरवला तरी तो आज औषध नाही, आणि त्यांना हे समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाटेल आपलाच हात झिडकारला.

'भरती' म्हटलं की घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांपुढे काय येतं तेही मला माहीत आहे. ज्या शहरात पत्ता सांगताना लोक बेधडक 'पागलखाना चौक' म्हणतात, तिथे हे व्हायचंच. पण तिला आधी लागणार आहे मेडिसिनचा किंवा मुलांचा वॉर्ड, जिथे मॉनिटर आहे, रात्री डॉक्टर आहे आणि मानसोपचार विभागाचे डॉक्टर राऊंडला येतात. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानच्या एम्समध्ये हे दोन्ही विभाग एकाच छताखाली आहेत. खाजगीत जायचं तर दाखल करण्याआधी एवढंच विचारा: फॉस्फेट रोज तपासता का, आणि मानसोपचारतज्ज्ञ इथे येऊन बघतील का? दोन्हीला 'हो' आलं नाही तर दुसरीकडे चला.

आता मर्जीचा प्रश्न.

1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्याच संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. खाण्याचा आजार त्यांच्यापैकी कुणालाही नव्हता. काही आठवड्यांत ते पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले, एकेक ताट तासन्‌तास चिवडत बसू लागले, चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले, उन्हाळ्यातही थंडी वाजते म्हणू लागले. तुमच्या लेकीची पुडाची वडी, संत्र्याच्या फोडी, दोन स्वेटर हे आठवून पाहा. ज्याला घरात 'हट्ट' म्हणून राहिलेत, त्यातलं बरंचसं नुसत्या भुकेचं काम आहे. तिच्या मनाने हा आजार सुरू केला असेल, आता मात्र उपाशी मेंदू तो पुढे रेटतोय. तेव्हा तिची संमती मिळेपर्यंत थांबू, असं म्हणायचं तर ती द्यायला लागणारं डोकं रोज थोडं आणखी उपाशी राहतंय, एवढं लक्षात घ्या.

पण याचा अर्थ तिला काही कळत नाही, असाही काढू नका. ती नीटची तयारी करते. पोटॅशियम कमी झालं की काय होतं ते तुमच्यापेक्षा नीट सांगेल. ऑक्सफर्डमध्ये जॅसिंटा टॅन आणि सहकाऱ्यांनी ॲनोरेक्सिया असलेल्या तरुण मुलींशी याच विषयावर सविस्तर बोलून अभ्यास केला. आजाराची माहिती, जिवाचा धोका, मुलींना सगळं समजत होतं. बदललं होतं ते कशाला किती किंमत द्यायची हे. बारीक राहण्यापुढे जीवही हलका वाटत होता. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जीव वाचवायला जबरदस्ती उपचार करावे लागले तर ते योग्य, असं यातल्या बहुतेकींचं मत होतं. आणि आपल्यावर जबरदस्ती झाली असं वाटलं की नाही, हे कागदावर काय लिहिलं होतं त्यापेक्षा आईवडील आणि डॉक्टर आपल्याशी कसे वागले यावर ठरत होतं.

म्हणून तुमच्या भावाच्या बेतावर मी काट मारते. रामटेक नको. ईसीजी पुन्हा काढायचाय हेही नको, 'फक्त दाखवून येऊ' हेही नको. माणसं प्रेमापोटीच हे करतात, दारात तमाशा नको म्हणून करतात, आणि त्या एका दिवसापुरतं ते सोपंही जातं. पण पुढचं वर्ष-दोन वर्षं रोज तिच्यासमोर ताट ठेवून तुम्ही म्हणणार आहात, 'हे खा, यात लपवून काही घातलेलं नाही.' या आजारात मुलीला वाटतच असतं की भाजीत चोरून तेल घातलंय, दुधात साय फिरवलीय. आज गाडीत खोटं बोललात तर त्या प्रत्येक ताटावर ती संशय घेईल, आणि तिचं चूक म्हणता येणार नाही.

त्यापेक्षा घरी, बसून, तिच्या बाबांसह सांगा. साधारण असं:

'तुझं हृदय फार मंद चाललंय. डॉक्टरांनी दाखल करायला सांगितलंय आणि आज आपण जातोय. तुला हे नको आहे ते आम्हाला माहीत आहे. तरी सही आम्ही करणार. मी तिथे तुझ्यासोबत राहीन. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी बसून राहीन.'

बस, एवढंच. यावर वाद घालू नका. 'आमच्यासाठी खा', 'बाबांचं बीपी वाढलंय', 'आजीने किती सोसलं' यातलं काहीही नको. वजन, दिसणं, कोण कसं सुंदर, हा विषयच काढू नका. ती रडेल, दार लावून घेईल, आजवर बोलली नसेल असं बोलेल. पाच मिनिटं थांबा आणि तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणा. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलली तर सरळ विचारा, तसा विचार मनात येतो का म्हणून, आणि दवाखान्यात पोचताच पहिल्यांदा तेच सांगा. ती एकटी खोलीत राहणार नाही हे बघा. गाडीत बसायलाच तयार नसेल तर दंड धरून ओढू नका. 108 ला फोन करा. पुन्हा चक्कर आली, छातीत धडधड सुरू झाली तर तेव्हाही 108, तिथे बोलत बसायचं नाही.

जायचं की नाही हे तिला विचारायचं नाही. बाकी जे जे विचारता येईल ते सगळं विचारा. रात्री आई थांबणार की मावशी? मैत्रिणींना काय सांगायचं, कोण सांगेल? कोणती शाल, कोणती पुस्तकं? वॉर्डात डॉक्टरांनाही हेच करायला लावा: सकाळचं खाणं आठला की साडेआठला, दूध की पेज, डब्यातलं की पातळ आहार. नाकातून नळी घालतील का, हा प्रश्न तिच्या मनात पहिला असेल. खरं उत्तर असं की तोंडाने ठरलेलं अन्न गेलं तर नळी लागत नाही. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. लागली तर आधी सांगून, समजावून घालावी, आणि 'नाही खाल्लंस तर नळी' अशी धमकी म्हणून तिचा वापर कुणी करू नये. काही वॉर्डांत जेवली नाही म्हणून मोबाईल काढून घेणं, आईला भेटू न देणं असे प्रकार अजून चालतात. मला ते पटत नाहीत. तुम्हीही सिस्टरला नम्रपणे, पण ठामपणे विचारा की याने काय साधलं.

हक्काचं. ती अठराच्या आत आहे, म्हणून मेडिसिनच्या वॉर्डात सही तुमची चालते. पुढे मानसोपचार विभागात ठेवायची वेळ आली तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 लागतो. त्याचं कलम 87 अल्पवयीन मुलांच्या भरतीसाठी आहे, आणि ते मुद्दाम अडथळ्यांचं केलंय. अर्ज पालकांचा. भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघा तज्ज्ञांनी, त्यांत एक तरी मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासलं पाहिजे. बाहेर राहून उपचार जमले नाहीत किंवा जमण्यासारखे नाहीत, हे दिसलं पाहिजे. मोठ्या रुग्णांपासून वेगळी जागा हवी, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत हवं. मुलीजवळ बाबा थांबणार असतील तर बाईमाणूस नेमावंच लागतं. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला 72 तासांत कळवायचं, आणि मुक्काम 30 दिवसांपुढे गेला तर मंडळाने फेरतपासणी करायची. मंडळाचे लोक तिला येऊन भेटू शकतात. हे तिला सांगा. आपलं गाऱ्हाणं ऐकणारं बाहेरचं कुणी आहे, हे तिला ठाऊक असायला हवं.

त्याच कलमात एक ओळ अशी आहे की भरती मुलीच्या हिताची आहे का हे ठरवताना, समजू शकत असेल तर तिची स्वतःची इच्छाही विचारात घ्यायची. संमती लागत नाही, पण विचारावं लागतं. तुमचे डॉक्टर तिच्याशी, तुम्हाला बाहेर बसवून, एकट्याने बोलले का ते बघा. बोलले नसतील तर बोलायला सांगा आणि तिचं म्हणणं केसपेपरवर लिहायला लावा, ते 'मला इथे राहायचं नाही' असं असलं तरी.

आणि ही पुढची तरतूद तिच्या बाबांना वाचून दाखवा. कलम 87 खाली भरती झालेल्या मुलीला पालकांनी परत मागितलं तर दवाखान्याला सोडावंच लागतं. म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी ती बाबांचा हात धरून 'मी घरी जेवीन, शप्पथ' म्हणेल, आणि निर्णय त्यांच्या हातात असेल. शप्पथ खरीच असेल, तिला तेव्हा मनापासून तसं वाटतही असेल. पण घरी आल्यावर पहिल्या पोळीला ती टिकत नाही. तेव्हा डिस्चार्ज कधी, हे आजच तिघांनी डॉक्टरांसमोर ठरवून घ्या: नाडी किती, रक्तदाब कसा, खाणं किती दिवस नीट. मग त्या घडीला बाबांना कठोर व्हावं लागणार नाही, ठरलेलंच सांगायचं असेल.

अठराची झाली की तिचं ती ठरवेल, या हिशेबात एक गोम आहे. दवाखान्यात असतानाच अठरा पूर्ण झाली तर कायद्याने ती स्वतंत्र रुग्ण धरली जाते आणि तिची स्वतःची संमती लागते. त्यानंतरही दार पूर्ण बंद होत नाही. स्वतःची काळजी घेता न आल्यामुळे जिवाला धोका असेल तर प्रौढ व्यक्तीलाही कलम 89 खाली 30 दिवसांपर्यंत ठेवता येतं. पण ती वाट जास्त अवघड आहे, जास्त कटू आहे, आणि तिथवर पोचेपर्यंतचे आठवडे आज हातात नाहीत. जानेवारीपर्यंत ती स्वतःच्या बुद्धीने 'हो' म्हणण्याइतकी सावरावी, यासाठी हे आत्ताचे दिवस वापरा.

जबरदस्तीने आजार बरा होतो का? नाही. आयोवाच्या विद्यापीठ रुग्णालयातला खाण्याच्या आजारांच्या 397 भरत्यांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 66 मर्जीविरुद्ध, कायद्याचा आधार घेऊन केलेल्या होत्या. मुक्काम त्यांना जास्त पडला, पण दवाखान्यात वजन भरून येण्यात त्या स्वखुशीने आलेल्यांच्या मागे राहिल्या नाहीत. भरतीने एवढंच होतं, जीव वाचतो आणि डोकं जरा खातंपितं होतं. खरं काम नंतरचं. त्यासाठी या वयात सर्वांत भरवशाची पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात आकाराला आली: सुरुवातीला आईवडील जेवणाची सूत्रं हातात घेतात, मग हळूहळू मुलीकडे परत देतात. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना याबद्दल नाव घेऊन विचारा. वर्षानुवर्षं आजारात असलेल्या, अनेकदा भरती होऊन आलेल्या प्रौढ बायकांवर पुन्हा पुन्हा जबरदस्ती करावी का, हा वेगळा आणि खरोखर अवघड वाद आहे. त्यात मीही ठाम बोलणार नाही. तुमची लेक सतरा वर्षांची आहे आणि आजार काही महिन्यांचा. इथे मला संशय नाही.

ती बोलणं टाकेल का? टाकेल, काही दिवस, कदाचित काही महिने. बऱ्याच मुली वजन सावरल्यावर म्हणतात की तेव्हा आणलंत ते बरं केलंत. सगळ्या म्हणत नाहीत, आणि तुमची म्हणेलच अशी हमी मी देऊ शकत नाही.

उपवासांचं राहिलं. महाराजांना यात दोष नाही, सासूबाईंनाही नाही. उपवासाने आजार होत नाही, लपवायला आडोसा तेवढा मिळतो. आजारी माणसाने उपवास करू नये, हे तिला सासूबाईंनीच सांगितलं तर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त लागू पडेल. बोर्डाचं म्हणाल, तर फेब्रुवारी जमला नाही तर पुरवणी परीक्षा आहे. कॉलेजला वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन ठेवा. रात्रीबेरात्री तुम्हालाच कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. विमा असेल तर मानसिक आजार आहे म्हणून कंपनी वेगळी वागणूक देऊ शकत नाही. तेही 2017 च्याच कायद्यात आहे.

शेजाऱ्यांना सांगा, हृदयाचे ठोके मंद झालेत म्हणून भरती केलंय. ते खरंच आहे. त्याहून जास्त कुणाला सांगायचं, ते तिला विचारा. आणि भेटायला येणाऱ्यांना खालीच गाठून बजावा: खाण्याचं काही आणायचं नाही, 'किती वाळली गं' म्हणायचं नाही, आणि आठवडाभराने 'आता जरा भरलीस' तर मुळीच नाही.